सांगलीसारख्या शहरात राहून समलिंगी विवाहाच्या हक्कासाठी नेमकं काय काम करता येईल?

तुम्ही लिहिलंय की हाताशी सात-आठ माणसं आहेत, मुंबई-पुण्यासारखी संस्था जवळ नाही, आणि २०२३ च्या निकालानंतर स्थानिक पातळीवर करण्यासारखं काही उरलंय का, हे कळत नाही. भरपूर उरलंय, आणि त्यातलं बरंचसं काम बँकेत, पुरवठा कार्यालयात, दवाखान्यात आणि आमदाराच्या कचेरीत आहे. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही.

आधी निकाल पक्का माहीत हवा, कारण समोरचा पहिलं वाक्य टाकतो ते 'कोर्टाने बेकायदा ठरवलं ना!' असं. तसं काही झालेलं नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने म्हटलं की विवाहाचा बिनशर्त मूलभूत हक्क घटनेत नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातले शब्द बदलणं न्यायालयाचं काम नाही. यावर पाचही जण एकमताचे होते. नागरी सहजीवनाला (लग्न न म्हणता जोडीदार म्हणून कायदेशीर नात्याला) मान्यता आणि दत्तक घेण्याचा हक्क हे मुद्दे तीन विरुद्ध दोन असे गेले. एकत्र राहणं गुन्हा नाही, हे ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापासून तसंच कायम आहे. आणखी एक गोष्ट बरेच कार्यकर्तेही विसरतात: पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्ती भिन्नलिंगी नात्यात असेल, तर तिला आहे त्याच कायद्यांखाली लग्न करता येतं, असं याच निकालात स्पष्ट म्हटलंय. पुनर्विचार याचिका ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या गेल्या. म्हणजे आता चेंडू कायदेमंडळाकडे आहे. आणि विवाह हा विषय समवर्ती सूचीत पाचव्या क्रमांकावर आहे, म्हणून ते कायदेमंडळ फक्त संसद नव्हे. राज्य विधिमंडळही कायदा करू शकतं. केंद्राच्या कायद्याशी विसंगत ठरला तर राष्ट्रपतींची संमती लागेल, एवढंच.

संसदेत याची सुरुवात महाराष्ट्रातूनही झाली होती. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं) विधेयक लोकसभेत मांडलं. ती लोकसभा विसर्जित झाल्यावर ते बाद झालं. खासगी विधेयक मंजूर व्हायची शेवटची वेळ १९७० ची, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नका. पण खासदाराला भेटताना 'आपल्याच राज्यातून हे आधी मांडलं गेलंय' असं सांगता आलं, तर बोलणं सोपं जातं.

आता काउंटरवरचं काम. निकालानंतर केंद्राने कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये काही पत्रं निघाली. २१ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने आणि २८ ऑगस्टला केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. अन्न विभागाने राज्यांना कळवलं की अशा जोडीदारांना रेशन कार्डासाठी एकाच कुटुंबातले धरावं. आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिलं की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. कागदावर हे सगळं आहे. शाखेतल्या माणसाला मात्र त्याचा पत्ता नसतो आणि तो 'रक्ताचं नातं लागतं' म्हणून मोकळा होतो.

म्हणून मी पहिलं काम हेच सुचवेन: शहरातल्या दहा-बारा बँक शाखा ठरवा आणि तिथे लेखी विचारणा करा. विचारणा कुणीही करू शकतं, त्यासाठी जोडप्याला स्वतःला पुढे यावं लागत नाही. हा या कामाचा मोठा फायदा आहे. सोबत त्या दोन स्पष्टीकरणांच्या प्रती न्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तोंडी 'नाही'ला काडीची किंमत नाही. ज्या जोडप्याला खरंच खातं काढायचंय त्यांनी 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' हा पर्याय निवडावा, ठेवीसाठी आणि लॉकरसाठी नामनिर्देशनाचे वेगवेगळे अर्ज भरावेत, आणि पासबुकावर नामनिर्देशनाची नोंद छापून आली का ते तिथेच पाहावं. नकार आला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते.

इथे नवे कार्यकर्ते एक घोळ करतात. नॉमिनी केलं म्हणजे झालं, असं लोकांना सांगून येतात. बँकेत नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा, मालकी वारसांची. आयुर्विम्यातही नॉमिनी आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नसेल, तर त्याला मिळालेल्या रकमेवर वारस दावा करू शकतात. म्हणून प्रत्येक नामनिर्देशनासोबत मृत्युपत्र हवंच. त्याला दोन साक्षीदार लागतात (जोडीदाराला साक्षीदार करू नका), मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. पण घरच्यांचा विरोध असेल तर नोंदणी करून टाकलेली बरी. पीएफचं आणखी वेगळं. सभासदाला नियमांच्या व्याख्येतलं 'कुटुंब' असेल, तर त्याबाहेरच्या कुणालाही नॉमिनी करता येत नाही, आणि अवलंबून असलेले आई-वडील त्या व्याख्येत येतात. इथे कितीही अर्ज भरले तरी उपयोग नाही, नियमच बदलावा लागेल. अशा जागा वेगळ्या वहीत टिपून ठेवा, कारण कायदा का हवा याचा खरा युक्तिवाद त्यांच्यातच आहे.

त्याच वहीत आणखी दोन गोष्टी लिहा. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीस दिलं, तर बक्षीसपत्राचं मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये असतं. समलिंगी जोडीदाराला दिलं तर कायद्याच्या लेखी तो परका, आणि शुल्क बाजारभावाच्या हिशोबाने. प्राप्तिकरात वर्षाला ५०,००० रुपयांवरची भेट करपात्र असते, पती-पत्नीला मात्र सूट. या तरतुदीला २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका जोडप्याने आव्हान दिलंय. 'प्रेमाला मान्यता द्या' यावर आमदार मान डोलावतो आणि चहा मागवतो. '२०० रुपयांच्या जागी लाखो रुपये' म्हटलं की तो कागद हातात घेऊन वाचतो.

दवाखान्याचा प्रश्न सगळ्यात नाजूक. मानसिक आरोग्यासाठी २०१७ चा कायदा चांगला आहे: कलम १४ खाली प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर सही करून हव्या त्या प्रौढाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. असाध्य आजारात उपचार थांबवण्याबाबतच्या पूर्वसूचनेतही (लिव्हिंग विल), सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जानेवारी २०२३ च्या सुधारित नियमांनुसार, 'पालक (गार्डियन) किंवा जवळचा नातेवाईक' म्हणून निर्णय घेणाऱ्याचं नाव देता येतं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बाकी शस्त्रक्रियेच्या संमतीला मात्र प्रत्येक दवाखान्याची आपली पद्धत. सिव्हिल हॉस्पिटलच्या अधीक्षकांना भेटून 'रुग्णाने लिहून दिलेली व्यक्ती' असा रकाना दाखल-अर्जात घालून घेता आला, तर ते मोर्चापेक्षा जास्त टिकेल. समलैंगिकता 'बरी' करतो म्हणणारा डॉक्टर आढळला, तर राज्य वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करा; राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच अशा उपचाराला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय.

लोकांशी बोलण्याबद्दल तुम्ही विचारलंय की वाद कसा जिंकायचा. जिंकायला जाऊच नका. आयर्लंडमध्ये २२ मे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के लोक बाजूने गेले, त्यामागे दारोदार जाऊन केलेल्या गप्पा होत्या. अमेरिकेत 'सखोल संवाद' म्हणून जी पद्धत तपासली गेली, तिच्यावरचा २०१६ चा विश्वासार्ह अभ्यास पारलिंगी व्यक्तींबद्दलच्या पूर्वग्रहावर होता. दहाएक मिनिटांच्या एका बोलण्याचा परिणाम किमान तीन महिने टिकलेला दिसला. त्याआधी समलिंगी विवाहावर गाजलेला असाच एक अभ्यास मात्र २०१५ मध्ये मागे घ्यावा लागला होता. तो पुरावा म्हणून कुणी पुढे केला तर सावध राहा.

पद्धत साधी आहे. आधी विचारा, 'अशा लग्नाला तुमचा पाठिंबा शून्य ते दहा यात किती?' उत्तर तीन आलं तरी तोंड वाकडं करू नका. मग विचारा, 'तुमच्या घरात कुणाच्या लग्नाला विरोध झाला होता का?' आपल्याकडे या प्रश्नाला हमखास उत्तर मिळतं: जात वेगळी होती, पत्रिका जुळत नव्हती, मुलगी वयाने मोठी होती. माणूस बोलू लागला की थांबवू नका. शेवटी तोच शून्य ते दहाचा प्रश्न पुन्हा. तीनाचे पाच झाले तरी फेरी वसूल. अनोळखी दार ठोठावण्यापेक्षा ओळखीच्या भिशीत, वाचनालयात, सोसायटीच्या बैठकीत हे जास्त जमतं, आणि बोलणारी व्यक्ती समलिंगी मुलाची आई किंवा वडील असतील तर दहा भाषणांचं काम होतं. अशा पालकांचा 'स्वीकार' हा गट आहे. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. 'आपल्या संस्कृतीत बसत नाही' याला उत्तर म्हणून इतिहासाचं व्याख्यान देऊ नका. फार तर एवढं म्हणा की १८७३ मध्ये भटजीशिवाय लागलेलं सत्यशोधक लग्नही त्या वेळी बसत नव्हतं.

ग्रामसभेचा ठराव करावा का? हेरवाडचं उदाहरण मोहात पाडतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून तो कित्ता सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. पण तिथे गावाचं मन आधी वळलं होतं. मतं मोजल्याशिवाय ठराव आणलात आणि तो पडला, तर विरोधकांच्या हाती कायमचं प्रमाणपत्र जातं. माझ्या मते पहिली दोन वर्षं ठराव नकोच.

मोर्च्याची घाईही नको. काढायचाच झाला तर स्थानिक पोलीस ठाणं आणि वाहतूक शाखा या दोघांना मार्ग, वेळ, अंदाजे संख्या आणि आयोजकाचं नाव लिहून द्या, ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी घ्या, आणि त्या काळात जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते पाहा. घोषणा आधी लिहून वाटा. फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबईत आझाद मैदानावरच्या मेळाव्यात वेगळ्याच विषयावरच्या घोषणांवरून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला आणि मूळ विषय बातम्यांतून गायबच झाला. ज्यांना फोटो नको त्यांना ठळक रंगाची फीत द्या, आणि छायाचित्रकारांना ते सुरुवातीलाच सांगा.

नावांची गुप्तता हा विषय मात्र पहिल्या दिवसापासून. व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, म्हणून तिथे फक्त उघडपणे वावरणारे लोक ठेवा. सह्यांच्या कागदावर फोन नंबरचा रकाना नको. घरातून पळून आलेलं जोडपं मदत मागेल तेव्हा आधी दोघांच्या वयाचा पुरावा पाहा. एकजण जरी अठराच्या आतला असेल, तर निवारा देऊ नका, तातडीने वकील आणि चाइल्डलाइन १०९८ गाठा. दोघंही सज्ञान असतील तर 'स्वेच्छेने बाहेर पडलो आहोत' असं दोघांच्या सहीचं पत्र घराजवळच्या आणि सध्याच्या अशा दोन्ही पोलीस ठाण्यांना ईमेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. ११ मार्च २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या मार्गदर्शक सूचना छापून जवळ ठेवा: अशा व्यक्तीला समुपदेशनाच्या नावाखाली मन बदलायला लावू नये, असं त्यात उच्च न्यायालयांना बजावलंय.

पैशाचं थोडक्यात. परदेशातली मराठी मंडळी मदत करू म्हणतील. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भारतीय आपल्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतो. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मावशीचे पैसे मात्र परदेशी देणगी ठरतात, आणि एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणीशिवाय ते संस्थेच्या खात्यावर घेणं गुन्हा आहे.

राहिला आमदार. त्याच्याकडे 'पाठिंबा द्या' अशी मागणी नेऊ नका, तयार तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं) न्या: 'केंद्राच्या रेशन कार्डाबाबतच्या पत्रानुसार राज्याने जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांना कोणत्या तारखेला कळवले?' एका पानापेक्षा जास्त कागद नको, एक प्रत स्वीय सहायकाकडे. त्याआधी हीच माहिती माहिती अधिकारात मागवा: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, तेव्हा रेशन, दवाखाना आणि मुद्रांक शुल्क यांचे तीन वेगळे अर्ज करा. नागपूरचं हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात असतं आणि प्रश्न त्याच्या बरेच दिवस आधी द्यावे लागतात. अपिलाचा वेळ धरला, तर अर्ज जुलैअखेरपर्यंत गेलेले बरे.