आधी पान क्रमांक सांग

त्या छोट्या गावातल्या खुनाच्या कादंबरीचं तुझं परीक्षण दोनदा वाचलं. 'कादंबरी आवडली, पण कुठेतरी कमी पडली' हेच तू तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलंयस. कुठेतरी म्हणजे कुठे? पान सांग. जीव कुठल्या पानावर गुंतला आणि कुठल्या पानावर उठला, एवढं लिहिलंस की 'संमिश्र भावना' हे शब्द खोडता येतील. ते खोडच. मीही ते फार वर्षं वापरले आणि त्याची आता लाज वाटते, म्हणून तुझ्यावर जरा जास्तच चिडतेय.

तुझा गोंधळ खरा आहे, त्याबद्दल शंका नाही. छोट्या गावातल्या गुन्हेगारी कादंबऱ्यांत हा घोळ हमखास होतो. सुरुवातीची पानं गावाची असतात, शेवटची गुन्ह्याची. एक हात कसलेला, दुसरा कच्चा. तू दोन्हींची सरासरी काढलीस.

'खुनी मध्यावरच कळला' ही तुझी मोठी तक्रार. पण पुस्तक रहस्यकथा आहे की थरारकथा, हे आधी ठरव. थरारकथेत खुनी वाचकाला ठाऊक असलेला चालतो. तिथे जीव टांगणीला लागतो तो पुढचा बळी कोण आणि वेळेत कोणी पोचेल का, यावर. पहिल्या तीसेक पानांत लेखकाने वाचकाला कशाचा शब्द दिलाय ते शोध. रहस्यकथेचा दिला असेल, तर इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने 1929 मध्ये मांडलेल्या दहा नियमांतला पहिलाच लावून बघ: गुन्हेगाराचा उल्लेख सुरुवातीच्या भागात हवा, पण ज्याच्या मनातले विचार वाचकाला कळत आलेत तो गुन्हेगार नसावा. या नियमाचा पहिला अर्धा भाग अजून पक्का आहे. तीनशे पानांच्या पुस्तकात खुनी दोनशेव्या पानावर उगवला, तर वाचकाला डोकं चालवायची संधीच मिळाली नाही. दुसरा अर्धा आज लेखक मुद्दाम मोडतात. तिथे एवढंच पाहा की निवेदक लपवतोय की खोटं बोलतोय. लपवणं चालतं. खोटं सापडलं तर पान लिही.

आता पेन्सिल घेऊन दुसरं वाचन. दुसरं वाचन न करता रहस्यकथेवर लिहूच नये, यावर मला हेकट म्हणतात; म्हणोत. शेवट माहीत नसताना दुवा आणि चकवा सारखेच दिसतात, मग लेखकाने दुवे पेरलेत की शेवटी खिशातून काढलेत हे कळणार कसं? समासात दुव्याला 'दु', चकव्याला 'च'. शेवटच्या उलगड्यात वापरलेल्या प्रत्येक गोष्टीला मागे एक तरी 'दु' सापडायला हवा.

मग एका कागदावर खुनाच्या रात्रीचे चार रकाने आख: वेळ, पात्र, जागा, कोणी पाहिलं. खरी परीक्षा चौथ्या रकान्याची. महानगरात तो रिकामा राहिला तर कोणी विचारत नाही. छोट्या गावात अनोळखी गाडी दोन तास उभी राहिली की बातमी होते, म्हणून तिथे रिकाम्या चौकटीला कारण लागतं: पूर, अंधार, भीती, किंवा पाहूनही सगळ्यांनी गिळलेलं मौन. या मौनाचं कारण ज्या कादंबरीत सापडतं, तिथे गाव कथेत उतरलेलं असतं. नाहीतर तो नुसता पडदा. धुकं, बंद गिरणी, जुनं वैर हे सगळं वर्णनात सुरेख आहे म्हणतोस. पण गाव बदलून दुसरं ठेवलं तर खून तसाच होईल का?

पहिल्या रकान्याशी प्रेताचा मेळ घाल. मृत्यूनंतर ताठरता साधारण दोन ते चार तासांत पापण्या-जबड्यापासून जाणवू लागते, बाराएक तासांत अंगभर होते, मग हळूहळू उतरते. उष्णतेत हे सगळं लवकर. रक्त साकळून त्वचेवर पडलेले डाग साधारण आठ ते बारा तासांत पक्के होतात. त्यानंतर प्रेत उलटवलं तरी ते जुन्याच बाजूला राहतात. तुझ्या कादंबरीत रात्री दहाला मेलेला माणूस अकराला 'लाकडासारखा ताठ' सापडतो. हे तुला खटकलं होतं, पण तू त्याला 'वातावरण थोडं कृत्रिम' म्हणालास! वातावरणाचा काय संबंध? चूक घड्याळाची आहे. पान लिही.

कबुलीजबाबाचं प्रकरण मात्र तू बरोबर पकडलंस. खुनी स्वतःच दहा पानं बोलत सुटतो, कारण तपासाने काही सिद्धच केलेलं नसतं. तिथे आणखी सौम्य होऊ नकोस.

रहस्य फोडायची भीती वाटते म्हणून तू मोघम लिहितोस, हेही दिसतं. पहिल्या तृतीयांशातलं मोकळेपणाने सांग. त्यापुढचं नाव न घेता, पण पानासकट: 'पान 240 वरचा योगायोग मला पटला नाही'. वाचलेल्याला कळतं, न वाचलेल्याचं काही बिघडत नाही.

परीक्षण पुन्हा लिहायची घाई नको. आधी तो चार रकान्यांचा कागद पाठव. चौथा रकाना किती ठिकाणी रिकामा राहिला, ते मला बघायचंय.