पहिला रोल घालताना एवढंच बघ

भावा, घरात कोडॅक केबी-१० हा जुना फिल्मचा कॅमेरा सापडलाय ना, मग नवीन काय विकत घेऊ नको, पहिले दोन-तीन रोल त्याच्यावरच काढ. फोकस फिक्स आहे त्याचा, म्हणून माणसापासून पाच-सहा फूट लांब उभा राहा, त्याहून जवळ गेलास की चेहरा ब्लर येणार. फिल्म कोडॅक गोल्ड २०० घे (२०० म्हणजे फिल्मचा आयएसओ, उजेड पकडायची ताकद), आपल्या सोलापूरच्या उन्हाला २०० बास होतं. घरात फ्लॅश लाव.

रोल वाया जातात ते इथं:

- फिल्मचं टोक स्पूलमध्ये, म्हणजे फिल्म गुंडाळली जाते त्या रिळात, अडकलेलंच नसतं. फिल्म पुढं सरकवताना रिवाइंडची (फिल्म परत डबीत गुंडाळायची) खुंटी फिरते का बघ, फिरत नसेल तर ३६ फोटो काढूनही रोल कोराच येणार, हे लई जणांचं होतं.
- रिवाइंड न करता मागचं झाकण उघडणं.
- एप्रिल-मेमध्ये रोल गाडीच्या डिकीत ठेवणं. रंग बिघडतात.

गड्ड्यातली, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतली, रात्रीची लायटिंग ह्या कॅमेऱ्यात येणार नाही, यात्रेतल्या नंदीध्वजांची (सजवलेल्या उंच काठ्यांची) मिरवणूक दिवसा गाठ, ऊन तुझ्या पाठीमागं ठेवून. घरी डेव्हलप करणं वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नको. फक्त लॅबमधून निगेटिव्ह आठवणीनं परत घे, नुसत्या स्कॅनवर थांबू नको.