लॅपटॉपचं वायफाय कार्ड घरी बदलता येतं का? बोर्डाचे पैसे देण्याआधी हे करून बघा

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या लॅपटॉपचं वायफाय आधी मधूनमधून जायचं, आता चिन्हच दिसत नाही आणि ब्लूटूथही त्याच दिवशी बंद पडलं. लॅपटॉप इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरचा, वॉरंटी संपलेली. दुकानात ‘बोर्डच (म्हणजे मदरबोर्ड, आतली मुख्य पाटी) गेलाय, साडेसात हजार लागतील’ म्हणाले. फक्त कार्ड घरी बदलून भागेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

भागण्याची शक्यता चांगली आहे. वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही बहुधा एकाच छोट्या कार्डावर असतात, त्यामुळे दोन्ही एकदम गेली की पहिला संशय कार्डावरच घ्यायचा. बोर्ड बिघडलेला नसेलच असं कुणी न उघडता सांगू शकत नाही, पण बोर्ड बिघडलाय हेही न उघडता सांगता येत नाही. तुमच्यासमोर उघडून बघितलं होतं का, एवढं एकदा आठवून बघा.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. रिपेअरिंग माझा धंदा नाही. दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात, ऐन जीएसटीच्या गडबडीत, माझ्या लॅपटॉपचं वायफाय असंच गेलं. मलाही बोर्डाचाच आकडा सांगितला होता. शेवटी स्वतः कार्ड बदललं. नंतर भाच्याच्या आणि शेजारच्यांच्या लॅपटॉपचंही बदलून दिलं.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी दोन गोष्टी करा. लॅपटॉप शटडाऊन करा, चार्जर काढा आणि पॉवरचं बटण तीस-चाळीस सेकंद दाबून धरा. आत उरलेला करंट निघून जातो आणि अडकलेलं कार्ड कधीकधी एवढ्यानंच जागं होतं. शेजारच्यांचं पहिल्यांदा असंच परत आलं होतं. मग विंडोजमधला डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘व्ह्यू’मध्ये लपलेली डिव्हाइस दाखवा आणि नेटवर्क अडॅप्टरखाली बघा. नाव दिसतंय पण पिवळं चिन्ह आणि कोड १० आहे, तर आधी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाका. शंका उरलीच तर पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम) घेऊन लॅपटॉप त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल करायची गरज नाही. तिथं वायफाय चाललं तर दोष विंडोजचा, तिथंही नेटवर्क दिसलं नाही तर बहुतेक हार्डवेअरचा. या खटाटोपाला एक संध्याकाळ जाते, पण पुढचे पैसे अंदाजावर जात नाहीत.

आणखी एक खूण सांगतो. वायफाय दिसतंय, पण राउटरच्या शेजारी बसल्याशिवाय चालत नाही, असं असेल तर कार्ड बदलून बहुधा काही होणार नाही. तेव्हा बहुतेक वेळा अँटेनाची वायर सुटलेली किंवा बिजागरीपाशी तुटलेली असते, कारण बहुतेक लॅपटॉपमध्ये ती वायर बिजागरीतून वर स्क्रीनच्या कडेपर्यंत गेलेली असते. तुमच्याकडे चिन्हच नाही, म्हणजे प्रकरण वेगळं.

आता खरेदी. याच ठिकाणी मी चुकलो, म्हणून इथं सविस्तर लिहितो. गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपमध्ये एम डॉट टू प्रकारचं २२३० मापाचं कार्ड असतं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब. दिसायला सगळी सारखीच, पण आतून दोन जाती आहेत. इंटेलची एएक्स २०१, एएक्स २११ किंवा ९५६० ही कार्डं अर्धवट असतात. वायफायचं बरंचसं काम इंटेलच्या चिपसेटमध्येच (बोर्डावर कायमच्या बसवलेल्या चिपमध्ये) होतं आणि कार्डावर मुख्यतः रेडिओचा भाग असतो. या जातीला सीएनव्हीआय म्हणतात. एएक्स २०० आणि एएक्स २१० मात्र पूर्ण कार्डं आहेत. माझा लॅपटॉप एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचा, आणि मी स्वस्त दिसलं म्हणून एएक्स २०१ मागवलं. खाचेत अगदी बरोबर बसलं, स्क्रूही लागला, पण लॅपटॉपला ते दिसेचना. दोन दिवस मी ड्रायव्हर शोधत बसलो. ड्रायव्हरचा काही संबंधच नव्हता, एएमडीवर ते कार्ड चालणारच नाही. मग परत पाठवून एएक्स २१० घेतलं. साधारण १,८०० रुपये पडले आणि अजून चालू आहे.

तुमचा लॅपटॉप अकराव्या पिढीचा, म्हणजे आत एएक्स २०१ असण्याची शक्यता बरीच आहे. तरी अंदाजावर मागवू नका. मागचं झाकण उघडून कार्डावरचं लेबल वाचा आणि त्याच नंबरचं घ्या. काही मॉडेलमध्ये वायफायची चिप बोर्डावरच सोल्डर केलेली असते. तसं निघालं तर झाकण परत लावा, कारण ते घरी होणारं काम नाही. कुणी जुना लॅपटॉपवाला हे वाचत असेल तर त्याच्यासाठी: दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मशीनमध्ये मिनी पीसीआय एक्स्प्रेस कार्ड असतं, त्याच्या वायरींची टोकं मोठी असतात, ती नव्या कार्डावर बसत नाहीत. शिवाय जुन्या थिंकपॅडसारखी काही मशीन कंपनीच्या यादीबाहेरचं कार्ड घातलं की १८०२ एरर दाखवून सुरूच होत नाहीत.

उघडताना लॅपटॉप सुती सोलापुरी चादरीवर पालथा ठेवा. टॉवेल नको, त्याचे धागे कनेक्टरमध्ये अडकतात, आणि नायलॉनची चादर तर नकोच, कोरड्या हवेत तिच्यावर स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज, तयार होते. बसण्याआधी खिडकीच्या गजाला किंवा लोखंडी कपाटाला हात लावा. स्क्रू लांब-आखूड असतात, म्हणून कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी ठेवा. एखादा रबरी पायाखाली लपलेला असतो. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, स्क्रू राहिलाय असं समजा. कडा सोडवायला जुनं प्लास्टिकचं कार्ड पुरतं. आणि झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. ही पायरी कितीही घाई असली तरी गाळू नका.

कार्डावर दोन बारीक वायरी दिसतील, बहुधा एक काळी, एक पांढरी. मोबाइलवर जवळून फोटो काढा, कारण कुठला रंग कुठल्या टोकाला हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. वायरीचं टोक ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान असतं. वायर धरून ओढायची नाही. टोकाखाली नख किंवा प्लास्टिकची चपटी काडी घालून सरळ वर उचलायचं. मग एकच स्क्रू काढला की कार्ड स्वतःच तिरकं वर येतं.

इथं थांबा. नवं घालण्याआधी जुनंच कार्ड एकदा परत बसवून बघा. सोनेरी दात पेन्सिलच्या मऊ खोडरबरनं हलकेच पुसा, ब्रशनं कण झाडा आणि नीट बसवा. भाच्याचं मधूनमधून जाणारं वायफाय एवढ्यावर आठ महिने चाललं.

नवं कार्डही तिरकंच सरकवायचं, पूर्ण आत गेलं की खाली दाबून स्क्रू लावायचा. वायरी जोडणं हा सगळ्यात नाजूक भाग. टोक बरोबर मधोमध आलंय हे बोट फिरवून अंदाज घ्या आणि मगच सरळ दाबा. बसलं की बोटाला बारीकसा ‘टक’ जाणवतो. तिरकं असताना दाबलं तर कडी चपटी होते आणि मग ती वायर धरत नाही. मी पहिल्या वेळी या दोन टोकांवर वीस मिनिटं घालवली. घालवावीत, बाकी सगळ्याला मिळून तेवढी लागत नाहीत.

तुम्ही पूर्व भागात राहता आणि खाली माग चालतात असं लिहिलंय, मग झाकण उघडलंच आहे तर पंखाही बघाच. आमच्या कारखान्यातल्या लॅपटॉपच्या पंख्यावर सुताच्या तंतूंचा नमद्यासारखा थर निघाला होता. हवा जाईना म्हणून आतलं सगळंच तापायचं. पातं बोटानं धरून ब्रशनं साफ करा, पंखा गरगर फिरू देऊ नका. इथल्या एप्रिल-मे महिन्यात याचा फरक पडतो.

हात धजावत नसेल तर स्वतः करायलाच हवं असं नाही. नवी पेठेकडं दुरुस्तीची दुकानं आहेत. पण तिथं ‘वायफाय चालत नाही’ असं मोघम सांगू नका. ‘कार्ड काढून दुसरं लावून बघा, मी इथंच थांबतो’ असं सांगा. चालू कार्ड लावून बघायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि बोर्ड गेलाय की नाही हे त्यातच कळतं.

कार्ड येईपर्यंत मुलीचं कॉलेजचं काम अडवू नका. मोबाइल चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, त्याला वायफाय कार्ड लागत नाही. नव्या कार्डाचा ड्रायव्हरही त्याच वाटेनं आधीच उतरवून ठेवा.