टिक लपवण्यात दिवस संपवू नकोस

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पीयूसीचं पहिलं वर्ष, म्हणजे अकरावी, सुरू होतंय, खानापूरहून रोज बेळगावला ये-जा आहे, वर्ग नवा, पोरं नवी. आणि मान झटकणं, डोळे मिचकावणं, घशातला तो 'हं-हं' आवाज तसाच आहे. "दिवसभर दाबून धरतो आणि घरी आल्यावर सगळं उफाळून येतं," असं तू लिहिलंस. तिथूनच सुरुवात करतो.

टिक, म्हणजे अशी आपोआप होणारी हालचाल किंवा आवाज, काही वेळ दाबता येते, हे खरं. त्यामुळेच लोकांना वाटतं की पोरानं मनावर घेतलं तर बंद होईल. पण दाबताना तुझं अर्धं लक्ष मानेवर असतं आणि फळ्यावरचं गणित हातातून निसटतं. संध्याकाळी तू थकलेला असतोस, ते या राबण्यामुळे. दाबणं वेगळं आणि टिक सांभाळायला शिकणं वेगळं. दुसरं शिकता येतं. त्याची रीत ठरलेली आहे.

आधी घरच्यांसाठी थोडं. तुझ्या या टुरेट आजाराला ज्यांचं नाव मिळालं त्या जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरांनी १८८५ मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन लिहिलं. अठराव्या वर्षाच्या आत सुरू झालेल्या, अंगाच्या एकाहून जास्त टिक आणि आवाजाची निदान एक टिक, वर्षाहून अधिक काळ कमीजास्त होत राहिल्या की टुरेट सिंड्रोम म्हणतात. निदान विचारपूस करून आणि बघून होतं. ते सिद्ध करणारी रक्ताची तपासणी किंवा एमआरआय नाही. डॉक्टरांना दुसरी काही शंका असेल तरच त्या तपासण्या. आपल्याकडे डोळ्यांसाठी चष्मा, घशासाठी सिरप, मग सौंदत्तीला नवस असा फेरा होतो. नवस बोलावा, देवीला जावं, त्याला माझी ना नाही. मात्र एक गोष्ट आईला समजावून सांग: टिक लाटेसारख्या चढतात आणि उतरतात. माणूस उपाय शोधायला धावतो ते लाट सगळ्यात वर असताना. त्यानंतर ती आपसूक उतरणारच असते. म्हणून दोरा, काढा, नवा डॉक्टर, जे काही त्या आठवड्यात केलं असेल, त्याचाच गुण आला असं वाटतं. महिन्यानं लाट परत चढली की घरात दोष मात्र तुझ्यावर येतो.

म्हणून पहिलं काम वहीचं. रोज ठरलेल्या वेळी, समज संध्याकाळी सातला, दहा मिनिटं फक्त एकाच टिकच्या उभ्या रेघा मार. शेजारी झोप किती झाली, परीक्षा होती का, बसमध्ये उभं राहावं लागलं का, एवढंच. चार आठवड्यांत तुझी लाट तुला दिसेल आणि ती कशानं चढते तेही. बहुतेकांची अपुरी झोप, ताण आणि अति उत्साह यांनी वाढते. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री जागून दुसऱ्या दिवशी टिक वाढल्या तर घाबरू नकोस, वहीत लिही.

आता रीत. तिला सीबीआयटी म्हणतात, म्हणजे सवयी बदलून टिक सांभाळायला शिकवणारी थेरपी. साधारण दहा आठवड्यांत आठ बैठका. २०१० साली अमेरिकेत १२६ मुलांवर झालेल्या चाचणीत हिच्यामुळे निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना स्पष्ट फरक पडला. ज्यांना नुसती माहिती आणि धीर मिळाला, त्यांच्यात पाचातल्या एकालाही तसा पडला नाही. म्हणजे हमखास इलाज नव्हे, पण मेहनत करावी इतका भरवसा आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे 'सीबीआयटी येते का' असं स्पष्ट विचार. मानसिक आणि मेंदूच्या आजारांच्या सरकारी संस्थांपैकी धारवाडचं डिमहान्स जवळ आहे, बेंगळुरूचं निमहान्स लांब. व्हिडिओ कॉलवरही ही थेरपी चालते.

तुझ्या मानेचीच टिक घेऊ. ती येण्याआधी क्षणभर काहीतरी होतं: डाव्या बाजूला, कानाखाली, खाज किंवा ताण. ती कळ नेमकी कुठे उठते ते ओळखणं हे निम्मं काम. आठवडाभर फक्त तेवढंच कर. आरशासमोर बस आणि कळ आली की बोट वर कर. ती पकडता यायला लागली की पुढचं. कळ आल्याबरोबर हनुवटी किंचित खाली आणि आत घे, मानेचे स्नायू दोन्ही बाजूंनी हलकेच ताठ कर, नजर समोर. एक मिनिट, किंवा कळ ओसरेपर्यंत. मान झटकली गेलीच तरी लगेच तीच स्थिती धर. चुकलं म्हणून सोडून देऊ नकोस. घशाच्या आवाजासाठी आवाजाच्या जागी श्वास: नाकानं सावकाश आत, तोंडानं सावकाश बाहेर. डोळ्यांसाठी नजर एका ठिकाणी ठेवून मुद्दाम संथ, मऊ उघडझाप.

बिघडतं कुठे? बहुतेक जण सगळ्या टिक एकदम धरतात. यादी कर, प्रत्येकीला त्रासाचे दहापैकी गुण दे आणि सगळ्यात जास्त गुणांची एकच घे. दुसरी चूक जोराची: मान इतकी आवळायची की रात्री दुखते. पाठीमागच्या बाकावरच्याला कळणार नाही इतकीच ताठ हवी. तिसरी चूक घरच्यांची. "झटकलीस बघ" असं आई दिवसभर म्हणत राहिली तर टिक वाढते. तिला एकच काम दे: सरावाच्या वेळी नीट जमलं की शाबासकी, एरवी गप्प. आणि हो, हे टिक दाबण्यासारखं दिसतं, पण दाबताना तू नुसता सहन करतोस. इथे शरीराला दुसरं काम देतोस आणि कळ स्वतःहून ओसरते. ती ओसरते हे मेंदूला शंभरदा दिसावं लागतं.

औषधांचं थोडक्यात. टिकमुळे दुखत असेल, अभ्यास अडत असेल किंवा थेरपी पुरत नसेल तर डॉक्टर क्लोनिडिन, अ‍ॅरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन यांसारखं काही देतात. टिक कमी होतात, सहसा पूर्ण जात नाहीत. झोप येणं आणि वजन वाढणं यावर लक्ष ठेव, महिन्याला वजन कर. बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करू नकोस. क्लोनिडिन अचानक सोडलं तर रक्तदाब उसळतो. सोबत चित्त न ठरणं (एडीएचडी) किंवा तीच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटणं (ओसीडी) असेल तर तेही सांग. टुरेट असलेल्या बऱ्याच जणांना एडीएचडी किंवा ओसीडी असतं आणि कित्येकदा टिकपेक्षा त्याचाच त्रास मोठा असतो. दवाखान्यात गेल्यावर टिक गायब होतात, तेव्हा मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ने. मानेच्या झटक्यांनंतर हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा जाणवला तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे जा. मन फारच खचलं तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लाव, रात्री-अपरात्रीही.

बसचं बघू. पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्यापासून डोकं लांब राहील असा बस, दप्तर छातीशी. पुढच्या जागा बायकांच्या असतात. तिथे तोंड करून उभं राहिलास आणि डोळा मिचकावला गेला की गैरसमज व्हायला वेळ लागत नाही. मागे, खिडकीकडे बस. तरी कुणी हटकलंच तर एकच वाक्य तयार ठेव आणि घरी मोठ्यानं म्हणून बघ: "मला टुरेट आहे, मुद्दाम करत नाही." कन्नडमधून: "नानु बेकंत माडतिल्ल री." भांडणात माणूस आपल्या भाषेत ऐकतो, म्हणून दोन्ही तोंडपाठ हवीत.

'झटका' हा शब्द अनोळखी माणसाजवळ वापरू नकोस. आपल्याकडे झटका म्हणजे फीट; लगेच कुणी कांदा नाकाला लावतं, कुणी चप्पल. फीटमध्ये बऱ्याचदा शुद्ध जाते, टिकमध्ये जात नाही, एवढा फरक सांग. काहींना ऐकलेला शब्द परत परत म्हणावासा वाटतो, कंडक्टरची "रैट, रैट"सुद्धा. मिरवणुकीतल्या घोषणेबाबत तुझं तसं होत असेल तर गर्दीत सोबत एक जाणता मित्र ठेव. आपल्या भागात घोषणा कुठली, कुठल्या भाषेतली, यावरून माणसं पटकन तापतात.

कॉलेजसाठी पहिल्याच महिन्यात प्राचार्यांना लेखी अर्ज दे, कन्नड किंवा इंग्रजीतून, सोबत डॉक्टरांचं पत्र. त्यात आजाराच्या नावाबरोबर काय हवं ते लिहून घे: दाराजवळची जागा, न विचारता दोन-तीन मिनिटं बाहेर जाण्याची मुभा, परीक्षेला वेगळी खोली, जादा वेळ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत टुरेट नावानं नाही, पण दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार आहेत, आणि परीक्षेत जादा वेळेची तरतूदही त्या कायद्यात आहे. अर्जाची पोच घे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावपळ केली की "आधी का नाही सांगितलं" हेच ऐकावं लागतं.

वर्गासमोर बोलायचं म्हणतोस, ते जरूर बोल. पाच मिनिटं पुरेत. टिकबद्दल बोलताना टिक वाढतात, तेव्हा सुरुवातीलाच ते सांगून टाक. मग सगळ्यांना एक मिनिट डोळे न मिटता तू सांगशील ती वाक्यं लिहायला लाव. चाळिसाव्या सेकंदाला डोळे चुरचुरतील, अक्षर वाकडं होईल आणि वाक्य सुटेल. तेव्हा म्हण, "मी तासभर हेच करतो." 'टुरेटमध्ये तोंडातून शिव्या जातात ना?' असा प्रश्न येईल, तशी टिक दहातल्या एखाद-दुसऱ्यालाच असते, हे सांग. मग म्हण, "तुम्ही काय करायचं, तर काही नाही. माझं बोलणं ऐकायचं." "करून दाखव" म्हणाले तर नाही म्हण. कन्नड बोलणारा एखादा मित्र शेजारी उभा राहून तेच सांगेल तर फार बरं.

वहीची पहिली चार पानं गणपतीच्या आधी मला पाठव, आणि कन्नड अर्ज कुणाकडून लिहून घेतलास तेही कळव. त्यात "झटके" असं लिहिलं असेल तर आधी तो शब्द बदल.

तुझे,
सर