सोसायटीने नाव लावलं म्हणजे फ्लॅट त्याचा झाला का?

प्रश्न: आम्ही दोघं नोकरी करतो, हातात महिन्याला १ लाख २० हजार येतात. पुण्यात धायरीला दोन बेडरूमचा जुना फ्लॅट ६२ लाखांना मिळतोय, त्याच सोसायटीत बाकीचे ७० सांगतात. मूळ मालक मृत्युपत्र न करता वारले. मुलगा नॉमिनी आहे, सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव लावलंय. आई त्याच्याकडे असते, दोन्ही बहिणींची लग्नं झाली आहेत आणि त्यांची हरकत नाही असं तो म्हणतो. येत्या रविवारी साध्या नोटरीवर ५ लाख इसार मागतोय. शिवाय ८ लाख रोख हवेत, करारात ५४ लाखच दाखवायचे. आमच्याकडे १४ लाखांची एफडी आणि म्युच्युअल फंडात ५ लाख आहेत. कमी पडले तर पीएफ काढू, असं मिस्टर म्हणतात. घ्यावा का?

उत्तर: ताई, घर तुमच्या आवाक्यातलं आहे आणि घ्यायला हरकत नाही. पण रविवारी ५ लाख देऊ नका.

तुम्ही पाठवलेला शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूचा फोटो मी मोठा करून पाहिला. हस्तांतराच्या तक्त्यात दुसऱ्या ओळीत मुलाचं नाव निळ्या शाईने लिहिलंय, पुढे अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या आहेत आणि नावाखाली बारीक अक्षरात ‘नामनिर्देशित’ असा शब्द आहे. बहुतेकांचं लक्ष सह्या-शिक्क्यांकडे जातं, हा शब्द नजरेतून सुटतो. नॉमिनी म्हणजे सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा तो माणूस. मालकी वारसांची असते. आपल्या सहकार कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तर वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासदच धरला जातो. शेअर आणि म्युच्युअल फंडाच्या बाबतीतही नॉमिनी हा मालक नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं आहे.

कुटुंब हिंदू आहे आणि फ्लॅट वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतला होता, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. म्हणजे १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, मुलगा आणि दोन मुली असे चौघे सारखे वारस. लग्न झालं म्हणून मुलीचा हिस्सा जात नाही. मुलाच्या नावावर खरं तर पाव फ्लॅट आहे आणि तो तुमच्याकडून अख्ख्याची किंमत मागतोय. भाव ८ लाखांनी उतरला आहे तो बहुधा याच कारणाने. ‘बहिणींची हरकत नाही’ हे त्यांनी स्वतः लिहून दिलेलं कुठे आहे?

अशा प्रकरणांत माणसं किती पोळतात ते मी जवळून पाहिलंय. माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्याने असाच ४ लाख इसार दिला होता. नंतर बँकेच्या वकिलाने वारसांची यादी मागितली, तेव्हा सासरी असलेली थोरली मुलगी पुढे आली. तिचं म्हणणं रास्तच होतं, तिला कोणी विचारलंच नव्हतं. कर्ज अडलं, विक्रेत्याने पैसे खर्च करून टाकलेले, आणि ती रक्कम हप्त्याहप्त्याने परत यायला दोन वर्षं गेली. तेवढा काळ ते दोघं भाड्याच्याच घरात.

यावर उपाय आहे, आणि तो महागही नाही. करारात ‘लिहून देणार’ म्हणून चौघांची नावं घाला आणि दुय्यम निबंधकांसमोर चौघांचेही फोटो, अंगठे आणि सह्या होऊ द्या. किंवा आई आणि बहिणींनी आधी मुलाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं हक्कसोडपत्र चालणार नाही. मला स्वतःला पहिला मार्ग बरा वाटतो, कारण त्यात प्रत्येकीला तिच्या वाट्याचे पैसे थेट तिच्या खात्यात मिळतात. नंतर रुसायला कारण उरत नाही.

आता त्या ८ लाखांच्या रोखीकडे या. मिस्टरांना वाटतंय की मुद्रांक शुल्क वाचेल. पुण्यात ते ७ टक्के आहे, म्हणजे वाचतील ५६ हजार, तेही रेडी रेकनरप्रमाणे (सरकारने ठरवलेल्या दराने) किंमत ५४ लाखांच्या आत असली तरच. पण बँक करारातल्या रकमेवर कर्ज देते आणि एवढ्या रकमेच्या कर्जात ८० टक्क्यांच्या वर जात नाही. पूर्ण ६२ लाखांचा करार केलात तर ४९ लाख ६० हजार कर्ज मिळू शकतं. स्वतःचे १२ लाख ४० हजार, शुल्क ४ लाख ३४ हजार आणि नोंदणीचे ३० हजार धरून तुमच्या खिशातून १७ लाख ४ हजार जातील. ५४ लाखांचा करार केलात तर कर्ज ४३ लाख २० हजारांवर येतं आणि रोखीसकट तुम्हाला २२ लाख ८८ हजार उभे करावे लागतात. पीएफ मोडायची वेळ येते ती याच फरकामुळे. पुढे तुम्ही हे घर विकाल तेव्हा हे ८ लाख तुमचा नफा धरला जाईल, आणि आजच्या साडेबारा टक्क्यांनी त्यावर लाखभर कर बसेल. शिवाय व्यवहार फिसकटला तर रोखीचा पुरावा काय दाखवणार? त्या मुलालाही सांगा: घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होऊ शकतो.

हप्त्याचं म्हणाल तर साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरून तो ४३ हजारांच्या आसपास येईल. दोघांच्या पगारात बसतो. फक्त एफडी आणि फंडातून जेमतेम दोनेक लाख उरतील, त्यातून वकिलाची फी आणि सोसायटीचं हस्तांतर शुल्क द्यायचंय. हस्तांतर शुल्क २५ हजारांपेक्षा जास्त मागितलं तर देऊ नका, तीच कमाल मर्यादा आहे. पीएफला हात लावू नका. घर एकट्या तुमच्या नावावर घेतलंत तर शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे ६२ हजार. नवरा-बायकोच्या जोडनावाला ती मिळत नाही. हे दोघांनी बसून ठरवा, मी त्यात मत देणार नाही.

आणखी एक कापायची रक्कम आहे. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने १ टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्यांचा प्राप्तिकर, त्यांना द्यायच्या पैशांतून तुम्हाला कापून भरायचा आहे. चौघांत वाटणी होऊन प्रत्येकाचे साडेपंधरा लाखच होतात म्हणून तो टळत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून एकूण रक्कम बघितली जाते. दोघी बहिणींपैकी कोणी परदेशी राहते का, हेही आत्ताच विचारा. असेल तर तिच्या हिश्श्यावरचा कर वेगळा आणि बराच जास्त कापावा लागतो. तिला येता येणार नसेल तर कुलमुखत्यारपत्र भारतीय दूतावासातून साक्षांकित होऊन यावं लागेल.

वकील तुमचा तुम्ही निवडा, विक्रेत्याने किंवा एजंटने सुचवलेला नको. ३० वर्षांचा सर्च (फ्लॅटच्या जुन्या नोंदींची तपासणी), पेपरात जाहीर नोटीस, भोगवटा प्रमाणपत्र, वडिलांच्या नावचा मूळ करार आणि त्यावर पूर्वी कर्ज असेल तर बँकेचा ना हरकत दाखला, एवढं ते बघतील. याला दोन-तीन महिने लागले आणि भाडं महिना १९ हजार असलं तरी ५७ हजार जातात. ५ लाख अडकण्यापेक्षा ते परवडतात.

रविवारी जा, पण चेकबुक घेऊन आणि आईंना भेटायला. त्यांच्यासमोर मुलाला सांगा: “आम्ही ५१ हजारांचा चेक देतो. पावतीवर तुमच्या चौघांच्या सह्या हव्यात, आणि टायटल, म्हणजे मालकी हक्क, स्वच्छ निघालं नाही तर १५ दिवसांत रक्कम परत, असं त्यात लिहायचं.” तो तिथल्या तिथे बहिणींना फोन लावतो की विषय बदलतो, ते बघा आणि मला कळवा.