सेकंड हँड फोर बाय फोर: आधी चॅसी बघा, बंपर नंतर

जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) घेणाऱ्यांची पत्रं एवढी साठलीत की या अंकातलं पूर्ण पान त्यांनाच देतोय. चार प्रश्न घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण सगळ्यात जास्त पैसे तिथेच बुडतात म्हणून लांबू दिलं.

प्रश्न: दोन गाड्या बघून ठेवल्यात, मॉडेल एकच. एकीला लिफ्ट किट (गाडी उंच करायचे भाग), ३३ इंची टायर, विंच (रुतलेली गाडी ओढून काढायची मोटरची चरखी), लोखंडी बंपर, छतावर कॅरिअर आणि लाइटबार सगळं आधीच लावलेलं आहे. दुसरी दोन वर्षं जास्त जुनी पण कंपनीतून आली तशीच्या तशी. किंमत जवळपास सारखी. घरचे म्हणतात सगळं लावलेलीच घे, खर्च वाचेल. काय करू?
— पहिल्यांदाच घेणारा

उत्तर: मित्रा, दुसरी बघ. पहिली वाईटच असेल असं नाही, पण ३३ चे टायर आणि विंच लावलेली गाडी कुठे कुठे नेली असणार ते तूच विचार कर, आणि तिथे तिने काय काय सोसलं हे मालकाने लिहून ठेवलेलं नसतं, ते गाडीखाली झोपूनच वाचावं लागतं.

तेव्हा टॉर्च घे, जुने कपडे घाल आणि सरळ खाली जा. अशा बहुतेक गाड्यांची बॉडी वेगळी आणि खालची चॅसी म्हणजे लोखंडी सांगाडा वेगळा असतो, बॉडीचा पत्रा बदलता येतो पण चॅसी सडली की विषय संपला. चॅसीला जी भोकं असतात त्यातून आत टॉर्च मार, चिखल आत साठून राहतो आणि गंज आतून बाहेर येतो. पाट्यांचे किंवा स्प्रिंगचे ब्रॅकेट जिथे वेल्ड केलेत तिथे आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्टने बसवलाय त्याच्या आजूबाजूला बारीक तडे शोध, मोठ्या टायरचा सगळा मार तिथे बसतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, धड लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द वाजतं. आणि खालून नुकताच काळाकुळकुळीत रंग मारलेला दिसला तर जास्तच बारकाईने बघ, विकायच्या आदल्या आठवड्यात कोणी हौसेने चॅसी रंगवत नाही.

मग डिफचं, म्हणजे एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्यातलं (डिफरन्शियल), ऑइल. भरायचा प्लग उघडून बोट आत घालून बघायचं. मी माझी पहिली गाडी घेतली तेव्हा इंजिन ऐकलं, टायर बघितले, सगळं झकास वाटलं आणि हे एकच केलं नाही. महिनाभराने मागच्या एक्सलमधून घरघर यायला लागली, मेकॅनिकने प्लग काढला तर आतून दुधाच्या चहासारखं काहीतरी बाहेर आलं. पाणी गेलेलं होतं. होतं काय की एक्सल चालून तापलेला असतो, तसाच थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि एक्सलवरचा ब्रीदर (हवा ये-जा करायची वाट) बंद पडलेला असेल तर सील मधून पाणी आत ओढलं जातं. बेअरिंग आणि क्राउन पिनियन (डिफमधले मुख्य गिअर) दोन्ही गेले. विकणाऱ्याला माहीत होतं की नाही देव जाणे, पण मी बोट घातलं असतं तर मला तरी कळलं असतं.

पाण्याच्या अजून खुणा म्हणजे कार्पेटखालचा वास, सीटच्या रुळांवरचा गंज, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवट थर. एवढं बघितलंस तर अर्धं काम झालं.

इंजिन मात्र थंडच असताना सुरू करायला सांग, तू पोचायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जात असू शकतं. शेवटी मोकळ्या मातीच्या जागेवर फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) आणि फोर लो (चारही चाकं, हळू पण जास्त जोर, यालाच लो रेंज म्हणतात) दोन्ही लिव्हरने टाकून चालव. रोज रस्त्यावरच फिरलेल्या गाडीत हा लिव्हर वर्षानुवर्षं हललेलाच नसतो, आणि जिच्यात लो रेंज पडतच नाही तिला फोर बाय फोरचे पैसे कशाला द्यायचे?

प्रश्न: गाडी घेतली, छान आहे. सध्या २३५/७५ आर १५ टायर आहेत. आधी २ इंच लिफ्ट करू का आधी ३१ इंची टायर टाकू? गाडी उंच हवीय.
— खडकाळ वाटेवरचा

उत्तर: उंच दिसायला हवीय की खालून मोकळी हवीय, हे आधी ठरवा. तुमची गाडी सॉलिड एक्सलची (दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर) असेल तर स्प्रिंगच्या लिफ्टने बॉडी वर जाते पण डिफचा गोळा जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहतो, दगडाला आधी तोच लागतो आणि तो फक्त टायरनेच वर जातो.

आता हिशोब करू. तुमच्या टायरचा व्यास साधारण ७३४ मिमी, ३१ चा ७८७. फरक ५३ मिमी, त्यातला निम्माच एक्सलच्या खाली मिळतो म्हणजे जेमतेम १ इंच. बदल्यात व्यास ७ टक्के वाढला, त्यामुळे मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८५-८६ ने पळत असेल, पिकअप जड होईल, ब्रेक लागायला अंतर जास्त लागेल. तरीही तो १ इंच डिफसाठी खरा आहे म्हणून मी टायरच आधी म्हणेन, फक्त पूर्ण स्टिअरिंग वळवून कुठे घासतंय का ते बघा. लिफ्ट केलीच तर २ इंचाच्या वर जाऊ नका. त्यापुढे प्रॉपशाफ्टचा (एक्सलला ताकद पोचवणारा दांडा) कोन बिघडून जॉइंट खायला लागतात, ब्रेकचे होज ताणले जातात, कास्टर (पुढच्या चाकांच्या वळायच्या अक्षाचा मागे कललेला कोन) कमी झाल्याने स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि मग एकामागून एक पार्ट बदलत बसायची वेळ येते. आणि कामाला हात लावायच्या आधी तुमच्याकडच्या नोंदणीच्या आणि विम्याच्या नियमात हे बदल बसतात का ते विचारून घ्या, अपघातानंतर कळून उपयोग नाही.

प्रश्न: फोर हाय टाकून डांबरी रस्त्यावर वळलं की गाडी अडकल्यासारखी धक्के देते. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) गेली का?
— घाबरलेली नवी मालकीण

उत्तर: नाही ताई, बहुतेक काहीच बिघडलेलं नाही. पार्ट टाइम (गरजेपुरतीच चारही चाकं जोडणाऱ्या) फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र लॉक होतो, वळताना मात्र पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. मातीत चाक थोडं घसरून ते जुळवून घेतं, कोरड्या रस्त्यावर घसरायला जागाच नसते म्हणून सगळा ताण गिअरवर येतो. असंच चालवत राहिलात तर मात्र खरंच मोडेल. कोरड्या रस्त्यावर टू हायच (फक्त दोन चाकांना ताकद) ठेवा, लिव्हर निघत नसेल तर थोडं सरळ रिव्हर्स घ्या, ताण सुटतो.

प्रश्न: बजेट एकाच गोष्टीचं आहे. विंच घेऊ ना?
— चिखलप्रेमी

उत्तर: विंच आत्ता नको. त्याच पैशात प्रेशर गेज आणि चांगला कॉम्प्रेसर, धड रिकव्हरी पॉइंट (ओढायला रोप अडकवायच्या मजबूत जागा) पुढे-मागे, एक कायनेटिक रोप (ताणला जाणारा ओढायचा दोर) आणि दोन रेटेड शॅकल (किती भार पेलतात ते लिहिलेल्या जोडकड्या) घे. वाळू किंवा चिखल आला की हवा १८ ते २० पीएसआयवर आण, टायर पसरतो आणि जिथे रुतणार होतास तिथून बऱ्याचदा चालतच बाहेर येतोस. रस्त्याला लागायच्या आधी परत भर, कमी हवेवर वेगात जाऊ नकोस, टायर तापून फाटतो.

पुढे कधी विंच घेतलास तर तुझ्या पूर्ण लोड केलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ताकदीचा घे, आणि लक्षात ठेव की लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते, वर जितके थर गुंडाळलेले तितकी ओढ कमी.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. ट्रेलर लावायच्या टो बॉलला रोप अडकवून झटका देऊन गाडी ओढू नकोस. तो गोळा तुटला की गोळीसारखा येतो, माणसं गेलीत यात. मित्र म्हणेल काही होत नाही, तरी नको. रोपवर जाड ब्लँकेट टाक, बघ्यांना रोपच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं कर, आणि सगळे लांब गेल्याचं स्वतः बघितल्याशिवाय ओढणाऱ्याला इशारा देऊ नकोस.