कॅप्सूलमधली भिरंडं आणि हुमणातली सोलं

प्रश्न : मी फोंड्याची, वय ३४. वजन कमी करायला मैत्रिणीने गार्सिनियाच्या कॅप्सूल दिल्यात, आई म्हणते अगो हे आपलं भिरंडच (कोकम), घे काही होत नाही. घेऊ का? आणि आईच्या टाचांना भेगा पडतात, तिला भिरंडेल (भिरंडाच्या बियांचं तेल) लावलं तर चालेल ना?

उत्तर : आईचं अर्धं बरोबर आहे. गार्सिनिया हे अख्ख्या घराण्याचं नाव, आपलं भिरंड म्हणजे गार्सिनिया इंडिका, मँगोस्टीन पण त्यातलंच, आणि कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा असते ती केरळवाले माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी. भिरंड आणि कुडमपुळी दोघांच्या आंबटपणात हायड्रॉक्सिसायट्रिक ॲसिड असतं आणि ते साखरेपासून चरबी बनवणारं एक एन्झाइम अडवतं, उंदरांवर हे दिसलं आणि तिथून कॅप्सूलचा धंदा सुरू झाला. पण माणसांवर बघितलं तर? १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये जास्त वजनाच्या १३५ लोकांवर चाचणी झाली, निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम ॲसिड, बाकीच्यांना नुसतीच खोटी गोळी, खाणं दोघांचं सारखंच मोजून, १२ आठवड्यांनी दोन्ही गटांच्या वजन घटण्यात म्हणण्यासारखा फरक नाही.

यापेक्षा मला काळजी लिव्हरची वाटते. गार्सिनिया असलेल्या गोळ्या घेऊन लिव्हरला सूज आल्याच्या, कावीळ झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात, म्हणून नका घेऊ, आणि घेऊन झाल्या असतील आणि लघवी गडद होतेय, मळमळतंय, डोळे पिवळे दिसतायत तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, बाटली सोबत न्या. बांगड्याच्या हुमणातली (कालवणातली) चार सोलं, म्हणजे भिरंडाच्या सुकवलेल्या साली, आणि वाटीभर सोलकढी यांना हे लागू नाही, ती बिनधास्त खा. फक्त आगळात, म्हणजे भिरंडाच्या खारवलेल्या रसात, मीठ भरपूर असतं, घरात कोणाला बीपी असेल तर ते बेतानेच.

भिरंडेल मात्र जरूर लावा. माझी आजी मे महिन्यात भिरंडाच्या बिया सुकवून कुटायची, पाण्यात उकळायची, वर आलेलं तेल काढून थंड झालं की हाताने त्याचे अंड्याएवढे पांढरट गोळे वळायची. दुकानात कोकम बटर म्हणून महाग मिळतं ते हेच. त्यात स्टिअरिक आणि ओलेइक ॲसिडची चरबी असते, ४० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून थंडीत दगडासारखं घट्ट राहतं. रात्री पाय धुऊन नीट पुसायचे, पळीत थोडं वितळवायचं, सोसवेल इतकं कोमट झालं की भेगांत भरायचं आणि वर मोजे. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल किंवा आईला डायबेटिस असेल तर आधी डॉक्टरना पाय दाखवा.